‘लुलू’ की ‘रेझिंग सँड’?

नांदेड-लातूरकडच्या ज्या पोरांना रॉक बँडमध्ये संबळ घ्यायचंय, त्यांनी हे दोन अल्बम आधी ऐकाच. 2011 च्या ‘लुलू’त रॉक गायक लू रीड आणि हेवी मेटल बँड मेटॅलिका एकत्र आले. दोघंही थोर. पण रीड बोलल्यासारखं, सैल लयीत गातो आणि मागे मेटॅलिकाच्या जड गिटारी. कुणीच कुणाला जागा देत नाही. 2007 च्या ‘रेझिंग सँड’मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लँट आणि ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातली गायिका ॲलिसन क्राउस. जोडी तितकीच विजोड! पण प्लँटने आवाज खाली आणला, निर्माता टी बोन बर्नेटने दोघांना शोभतील अशी गाणी घेतली; 2009 मध्ये ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. मला हीच वाट पटते. गोंधळ्याचं संबळ सुरू झालं की गिटारचं डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) उतरवा, ड्रमरला थोडं थांबवा.