किनारा स्वच्छतेसाठी ‘लहान मुलांचे’ चिमटे : एका हंगामाच्या वापरानंतर

रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर आमच्या शाळेच्या हरित सेनेची मुले पावसाळा ओसरला की कचरा उचलायला जातात. त्यांच्यासाठी यंदा लांब दांड्याचे चिमटे ऑनलाइन मागवले होते. हंगामभर वापरल्यानंतर त्यांच्याविषयीचे मत येथे देत आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण याच घडणीचे चिमटे अनेक नावांनी विकायला आहेत.

दांडा अॅल्युमिनियमचा असल्यामुळे चिमटा वजनाला हलका आहे आणि मूठ दाबली की टोकाचा रबरी जबडा व्यवस्थित मिटतो. पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, तुटक्या चपला, थर्माकोलचे मोठे तुकडे हे सगळे न वाकता उचलता येते. फुटकी काच मात्र चिमट्यानेही मुलांनी उचलू नये, ती शिक्षकांकडे सोपवावी, असा आमचा नियम आहे. ‘लहान मुलांसाठी’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे. मूठ आणि खटका यांच्यातले अंतर पाचवीतल्या मुलांच्या पंजाला मोठे पडते. मग ती दोन्ही हातांनी खटका दाबतात आणि पोते धरायला हात उरत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना ही अडचण येत नाही, म्हणून आम्ही मोठ्याच्या हाती चिमटा आणि लहानाच्या हाती गोणपाट अशा जोड्या लावल्या. (प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा गोणपाट केव्हाही बरे, वाळू आणि पाणी आपोआप गळून जाते.)

जाळ्यांच्या बाबतीत चिमटा पूर्णपणे हरतो. वाळूतून वीतभर डोकावणारे नायलॉनचे जाळे खाली हातभर खोल गेलेले असते, आणि मूल हौसेने ते ओढायला गेले की जबडा ओढणारी आतली तार सुटते. आमच्याकडचे बिघडलेले बहुतेक चिमटे असेच बिघडले. सुटे भाग मिळतील का, या प्रश्नाला विक्रेत्याने ‘नवीन संच घ्यावा’ असे उत्तर दिले. कचरा कमी करण्यासाठी घेतलेली वस्तू दुरुस्त न होता कचऱ्यातच जावी, हे काही पटले नाही. त्यातच खाऱ्या हवेमुळे स्प्रिंगवर गंज चढतो. प्रत्येक वापरानंतर चिमटे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मात्र चिमट्यांची खरी मर्यादा भरतीरेषेवर कळते. तेथे सुरूची वाळलेली पाने आणि शिंपल्यांचा चुरा यांत कान साफ करण्याच्या प्लास्टिकच्या काड्या, बाटल्यांची बुचे, हिरव्या-निळ्या दोरांचे तंतू आणि थर्माकोलचे मणी मिसळलेले असतात. अशा काड्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी त्या सापडतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा सूक्ष्मप्लास्टिकमध्ये मोडतो, आणि तो चिमट्याच्या जबड्यातून सरळ निसटतो. मे 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा त्यावरचे प्लास्टिकचे बारीक दाणे तिकडच्या किनाऱ्यांवर पसरले होते. तसे दाणे वेचायला हा चिमटा शून्य उपयोगाचा आहे. त्यासाठी बांधकामाच्या सामानाच्या दुकानातली वाळूची साधी चाळण घ्यावी. दोघांनी चाळण धरायची, तिसऱ्याने कोरडी वाळू ओतायची, आणि वर राहिलेल्यातून शिंपले व खेकड्यांची पिल्ले बाजूला काढून प्लास्टिक तेवढे डब्यात टाकायचे. ओल्या वाळूत चाळण तुंबते, त्यामुळे हे काम ओहोटी लागून वरची वाळू सुकल्यावरच करावे. मुलांना चिमट्यापेक्षा हेच काम अधिक आवडले, असे माझे निरीक्षण आहे.

एका गोष्टीसाठी मात्र चिमट्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. दंताळ्याने वाळू उकरली जाते, चिमट्याने जात नाही. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, त्या काळात हा फरक मोठा आहे. मर्यादावेलीत अडकलेली पिशवीही वेल न उपटता काढता येते, आणि वाळू धरून ठेवणारी ती वेल जागेवर राहणे पिशवी निघण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

गोळा केलेल्या मालाचे काय होते, याचाही खरेदीपूर्वी विचार करावा. वाळूने भरलेले, खारट पाण्याने चिकटलेले प्लास्टिक भंगारवाला सहसा घेत नाही. त्यामुळे बाटल्या किनाऱ्यावरच रिकाम्या करून वेगळ्या ठेवाव्यात आणि उरलेल्या पोत्यांसाठी गाडी कधी येणार, हे स्थानिक प्रशासनाशी आधीच ठरवून घ्यावे. नाहीतर पुढच्या उधाणाला तीच पोती पाण्यात जातात.

पुढच्या खेपेला मी चिमटे निम्मेच मागवीन, तेही स्प्रिंग उघडून बदलता येणारे. उरलेल्या पैशांत चाळण्या, जाड हातमोजे आणि गोणपाटे येतील. माध्यमिक शाळांनी हा संच घ्यायला हरकत नाही, प्राथमिक शाळांनी मात्र एखादा नग आणून मुलांच्या हातात देऊन पाहावा आणि मगच मागणी नोंदवावी. पाचपैकी तीन गुण.