व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगी: मिडाझोलाम, प्रोपोफॉल की डेक्समेडेटोमिडिन?

रुग्ण श्वासाच्या नळीशी झगडायला लागला की हात आपसूक मिडाझोलामच्या पंपाकडे जातो. त्याआधी नळी सरकली आहे का, कफ साचलाय का, लघवी तुंबलीय का, ऑक्सिजन उतरलाय का, हे बघायचं. मग वेदना. मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल वेदनेवर काहीच करत नाहीत. डेक्समेडेटोमिडिन थोडं करतं, पण एकट्याने भागत नाही.

बोलू न शकणाऱ्याची वेदना सीपॉट या मोजपट्टीवर मोजतात: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं, प्रत्येकी 0 ते 2. बेरीज 3 किंवा जास्त आली तर फेंटानिल (अफूवर्गीय वेदनाशामक) 25 ते 50 मायक्रोग्रॅम सावकाश, आणि गरज टिकली तर ताशी 25 ते 100. 500 मायक्रोग्रॅम औषध सलाईनने 50 मि.ली. केलं की 1 मि.ली.त 10 मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे ताशी 50 साठी पंप 5 वर. सोबत पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी (वजन 50 किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृत बिघडलं असेल तर डोस कमी). मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर मॉर्फिन टाळावं, त्याचा क्रियाशील घटक साचत जातो. ड्रेसिंगआधी किंवा कूस बदलण्याआधी छोटा बोलस (एकवेळचा डोस) द्यावा, पंपाचा वेग वाढवू नये. रात्री वाढवलेला वेग सकाळी कुणी उतरवत नाही आणि फेंटानिल चरबीत साठत राहतं.

एवढं करूनही रुग्ण अस्वस्थ असेल तर गुंगीचं औषध. लक्ष्य रास (गुंगी किती खोल ते मोजणारी पट्टी) 0 ते -2: हाक मारली की डोळे उघडले पाहिजेत. पुढचे आकडे 60 किलोच्या रुग्णासाठी.

मिडाझोलाम. किलोमागे ताशी 0.02 ते 0.1 मि.ग्रॅ., म्हणजे 1 मि.ग्रॅ./मि.ली. द्रावणाचे ताशी साधारण 1 ते 6 मि.ली. स्वस्त, सगळीकडे मिळतं, रक्तदाब तुलनेने कमी पाडतं. अडचण थांबवताना येते. दोन-तीन दिवस चालवलं की ते साचतं, मूत्रपिंड निकामी असेल तर त्याचे क्रियाशील घटकही. फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर आणखीच. पंप बंद करूनही रुग्ण उठत नाही, मग सीटी स्कॅन होतो आणि तो नॉर्मल येतो. डेलिरियमचा (भ्रम, भांबावलेपण) धोकाही यातच जास्त. फिट्स किंवा दारू सुटल्याचा त्रास असेल तेव्हा मात्र त्याची जागा पक्की.

प्रोपोफॉल. किलोमागे ताशी 0.3 ते 3 मि.ग्रॅ. 1 टक्क्याच्या औषधाचे ताशी 9 मि.ली. म्हणजे किलोमागे 1.5 मि.ग्रॅ. थोड्या वेळाच्या वापरानंतर बंद केलं की काही मिनिटांत जाग येते, त्यामुळे मेंदूची तपासणी वारंवार करायची असेल तर सोयीचं. रक्तदाब पडतो, विशेषतः पाणी कमी असलेल्या रुग्णात. ताशी 24 मि.ली.च्या वर (किलोमागे 4 मि.ग्रॅ.) दोन दिवस चाललं तर प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम गाठू शकतो: कारण न समजणारा अॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं), वाढता सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण), मग हृदयाची लय बिघडते. ट्रायग्लिसराइड तपासत राहा. 1 मि.ली.त 1.1 कॅलरी असतात, त्या आहारात धरा. बाटली आणि नळी दर 12 तासांनी बदला, या तेलकट द्रावणात जंतू झपाट्याने वाढतात. लघवी हिरवी झाली तर नातेवाईक घाबरतात. तो रंग निरुपद्रवी.

डेक्समेडेटोमिडिन. 200 मायक्रोग्रॅमची 2 मि.ली. ॲम्प्युल 48 मि.ली. सलाईनमध्ये. किलोमागे ताशी 0.5 मायक्रोग्रॅम म्हणजे 7.5 मि.ली.; पल्ला 0.2 ते 0.7, क्वचित वर. लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) टाळा, नाडी मंदावते. वेग वाढवल्यावर परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा धीर धरला जात नाही, पंप वर वर जातो आणि नाडी चाळिशीवर येते. श्वास दाबत नाही, रुग्ण हाकेला उठतो, म्हणून नळी काढायची वेळ जवळ असेल आणि रुग्ण भांबावलेला असेल तर आमची पहिली पसंती हीच. खोल गुंगीसाठी मात्र निरुपयोगी. 2019 च्या स्पाइस-3 चाचणीत हे औषध आणि नेहमीची गुंगीची औषधं यांत 90 दिवसांच्या मृत्युदराचा फरक दिसला नाही. पण तरुण रुग्णांत मृत्यू जास्त दिसले, त्या आकड्यांवरून युरोपीय औषध संस्थेने 2022 मध्ये 65 वर्षांपर्यंतच्या रुग्णांबाबत सावध केलं. 2025 च्या ए-टू-बी चाचणीत नळी प्रोपोफॉलपेक्षा लवकर निघाली नाही, उलट अस्वस्थता आणि मंद नाडी जास्त दिसली.

मग निवड? रक्तदाब धड असेल तर प्रोपोफॉलने सुरुवात. नॉरॲड्रेनॅलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) वाढत चाललं असेल तर फेंटानिल आणि थोडं केटामिन (किलोमागे ताशी 0.1 ते 0.3 मि.ग्रॅ.), दम्याच्या रुग्णातही तेच. मिडाझोलाम द्यायचंच झालं तर सलग पंपापेक्षा 1-2 मि.ग्रॅ.चे बोलस बरे. सकाळी रोज गुंगी थांबवून पाहा. फिट्स चालू असतील किंवा डोक्यातला दाब वाढलेला असेल तर नाही.

गंभीर एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांच्या तीव्र बिघाडात) स्नायू शिथिल करणारं अॅट्राक्युरियम चालू असेल तर हा सगळा हिशोब उलटतो. तिथे खोल गुंगी लागते, एकटं डेक्समेडेटोमिडिन चालत नाही, रास आणि सीपॉट दोन्ही निरर्थक होतात. आधी अॅट्राक्युरियम बंद करा, स्नायूंची हालचाल परत आल्याची खात्री करा, तोवर गुंगी कमी करू नका.