क्रोम की फायरफॉक्स: सेवा केंद्राच्या कम्प्युटरवर बुकमार्क कोणाच्या भरवशावर ठेवायचे?

बुकमार्क, म्हणजे साइटचा जपून ठेवलेला पत्ता, सेव्ह करायला सगळे ब्राउझर सारखेच. कंट्रोल धरून डी दाबलं की काम झालं. फरक कळतो तो भर जुलैत लाइन जाते, कम्प्युटर धाडकन बंद होतो आणि पुन्हा सुरू केल्यावर बुकमार्कची वरची पट्टी कोरी दिसते तेव्हा. बाहेर पीकविम्याची रांग, त्यात कोणी कास्तकार काउंटरवर वाकून म्हणतो, "भाऊ, माहा सातबारा काढून दे लवकर, मले बँकेत जा लागते." अशा वेळी साइट गूगलवर शोधायची म्हणजे आधी जाहिराती, मग हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइटी, आणि त्यातून खरी डॉट गव्ह डॉट इन वाली निवडायची. पिंजलेलं डोकं चुकीच्या ठिकाणी क्लिक करतंच.

यवतमाळ-वाशीमकडच्या तालुक्यांत सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा ग्रामपंचायतीचा कम्प्युटर चालवणाऱ्यांनी ब्राउझर निवडताना म्हणूनच 'कुठला फास्ट' हे बाजूला ठेवावं. गेलेले बुकमार्क कोण परत आणून देतो, ते बघावं. या एका बाबतीत क्रोम आणि फायरफॉक्सचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

क्रोमचा हिशेब साधा. कम्प्युटरवरचे बुकमार्क एका फाइलीत असतात आणि तिचं नावच 'बुकमार्क्स', पुढे कसलंही एक्स्टेन्शन नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर नावं आणि पत्ते वाचता येतात. तिच्या शेजारी 'बुकमार्क्स डॉट बॅक' नावाची एकच जुनी प्रत. ही प्रत रोज होत नाही. क्रोम उघडल्यावर तुम्ही बुकमार्कमध्ये पहिला बदल करता, त्या क्षणी आधीची फाइल 'बॅक' म्हणून बाजूला ठेवली जाते आणि मगच नवी लिहिली जाते. गोची इथेच आहे. पट्टी कोरी दिसली म्हणून घाईघाईत दोन साइटी पुन्हा सेव्ह केल्या, की कोरी झालेली फाइलच 'बॅक' होऊन बसते आणि जुनी चांगली प्रत गेली ती गेलीच.

म्हणून क्रोममध्ये बुकमार्क गेले तर आधी हात आवरा, नवा बुकमार्क करू नका. इंटरनेटची वायर काढा, कारण सिंक, म्हणजे खात्यामार्फत सगळीकडे एकच यादी ठेवायची सोय, चालू असेल तर रिकामी यादी खात्यावरही जाऊ शकते. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि व्हर्जन असं टाइप करा. जे पान उघडतं त्यात 'प्रोफाइल पाथ' अशी ओळ असते, ती कॉपी करून घ्या. मग क्रोम पूर्ण बंद करा. नुसती फुली दाबून भागत नाही, तो मागे चालू राहू शकतो, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या. आता तो पाथ फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत चिकटवा. दोन्ही फाइली आधी पेनड्राइव्हवर उचलून ठेवा. मग 'बुकमार्क्स'चं नाव बदलून 'बुकमार्क्स जुनी' करा आणि 'बुकमार्क्स डॉट बॅक'मधलं डॉट बॅक काढून टाका. क्रोम उघडा. 'बॅक' चांगली असेल तर सगळं जागच्या जागी दिसेल. नसेल तर कम्प्युटरमध्ये दुसरा आधार नाही, मग गूगल खात्यात काय आहे त्यावर भिस्त.

फायरफॉक्सचं काम जुन्या चोपडीवाल्या किराणा दुकानदारासारखं: आजचा हिशेब वेगळा आणि मागच्या दिवसांची पानं जपलेली वेगळी. २००८ मध्ये आवृत्ती ३ आली तेव्हापासून बुकमार्क आणि हिस्टरी 'प्लेसेस डॉट एसक्यूलाइट' या डेटाबेसमध्ये जाते. त्याशिवाय 'बुकमार्क बॅकअप्स' नावाच्या फोल्डरमध्ये तारीखवार प्रती तयार होत राहतात, न सांगता १५ पर्यंत. परत आणायला फोल्डरमध्ये शिरायचीही गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की लायब्ररी उघडते, तिथे 'इम्पोर्ट अँड बॅकअप', त्यात 'रिस्टोअर'. तारखांची यादी येते आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी किती नोंदी होत्या तेही लिहिलेलं असतं. सगळीकडे दोनशेच्या आसपास आणि कालच्यापुढे एकदम अकरा दिसले, की परवाची तारीख निवडायची हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. एक सांभाळा: रिस्टोअर आत्ताचे बुकमार्क पुसून त्या जागी जुने बसवतं, भर घालत नाही. आज सकाळी काही नवं सेव्ह केलं असेल तर आधी त्याच मेन्यूतून एक बॅकअप काढून घ्या.

लाइन जाऊन डेटाबेसच बिघडला तर काय? फायरफॉक्सला हे कळलं तर तो सहसा नवा डेटाबेस बनवतो आणि शेवटच्या प्रतीतून बुकमार्क भरतो. कधी कधी मात्र फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने, बहुतेक वेळा अँटीव्हायरसने, अडकवून ठेवलेली असते. बुकमार्क आणि हिस्टरी चालणार नाही असा निरोप वर झळकतो. तेव्हा कम्प्युटर एकदा रीस्टार्ट करून बघा. त्यानेही भागलं नाही तर ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट कोलन सपोर्ट' लिहा, त्या पानावर खाली 'प्लेसेस डेटाबेस' नावाचा भाग आहे, तिथलं 'व्हेरिफाय इंटेग्रिटी' बटण दाबा. आणि हाताने प्रत काढायची असेल तर फायरफॉक्स बंद करूनच काढा. चालू असताना नुसती प्लेसेस फाइल उचलली तर अगदी ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत राहून जाऊ शकतात.

आता एवढं सगळं करण्याआधी, बुकमार्क खरंच गेलेत का हे बघा. बऱ्याचदा ते जागेवरच असतात. दोन्ही ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की बुकमार्कची पट्टी लपते किंवा दिसते, आणि कीबोर्ड पुसताना हे सहज होऊन जातं. क्रोममध्ये चुकून दुसरी प्रोफाइल (एकेका माणसाचा वेगळा कप्पा) उघडली किंवा पाहुण्यासाठीची गेस्ट खिडकी उघडली तरी पट्टी कोरीच. फायरफॉक्समध्ये हाच गोंधळ वेगळ्या वाटेने होतो. २०१९ च्या आवृत्ती ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःची वेगळी प्रोफाइल मिळते, त्यामुळे कोणी दुसऱ्या जागी पुन्हा इन्स्टॉल केला की नवाकोरा फायरफॉक्स समोर येतो आणि जुने बुकमार्क जुन्या प्रोफाइलमध्ये शांत बसलेले असतात. 'अबाउट कोलन प्रोफाइल्स' लिहिलं की दोन्ही दिसतात. हिस्टरी आणि कुकीज साफ केल्याने मात्र दोघांतही बुकमार्क जात नाहीत, ती धास्ती सोडून द्या.

एकच बुकमार्क सापडत नसेल तर तो भलत्याच फोल्डरमध्ये असण्याची शक्यता जास्त. शेवटी जे फोल्डर वापरलं, तेच पुढच्या वेळी आपोआप निवडलं जातं. उत्पन्नाच्या दाखल्याची साइट 'नरेगा' फोल्डरात सापडली तर नवल नाही. लायब्ररीत किंवा बुकमार्क मॅनेजरमध्ये वर शोधायची जागा आहे, तिथे नावाचे दोन अक्षर टाका.

मांडणीच्या बाबतीत माझं माप फायरफॉक्सकडे झुकतं, आणि त्याला कारण सातबारा आहे. सातबाऱ्याची साइट पीकविम्यालाही लागते, पीककर्जालाही, आणि वावराच्या फेरफारालाही. क्रोममध्ये फोल्डरशिवाय दुसरी सोय नाही. म्हणून लोक तोच बुकमार्क तीन फोल्डरांत ठेवतात. मग साइटचा पत्ता बदलला की एका ठिकाणी दुरुस्ती होते आणि उरलेले दोन मेलेले दुवे तसेच पडून राहतात. फायरफॉक्समध्ये बुकमार्क एकच ठेवून त्याला 'विमा', 'कर्ज', 'फेरफार' असे टॅग लावता येतात. ॲड्रेस बारमध्ये अधिकचं चिन्ह देऊन टॅग लिहिला की त्या टॅगचे सगळे बुकमार्क खाली येतात. याहून मला आवडते ती कीवर्डची सोय. लायब्ररीत त्या बुकमार्कच्या तपशिलात कीवर्डचा रकाना असतो, तिथे ७१२ लिहा. मग ॲड्रेस बारमध्ये ७१२ आणि एंटर, भूलेख उघडलं. मराठी टायपिंगचा कीबोर्ड बदलत बसायला नको, माउस शोधायला नको. रांग असताना याची किंमत कळते.

क्रम लावण्यातला एक घोळ दोघांत उलटसुलट आहे. क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमध्ये 'सॉर्ट बाय नेम' दाबलं की क्रम कायमचा बदलतो. नको असेल तर लगेच कंट्रोल झेड दाबा, चुकून डिलीट झालेला बुकमार्कही याच बटणाने परत येतो. फायरफॉक्सच्या लायब्ररीत रकान्याच्या नावावर क्लिक केलं तर फक्त तिथलं दृश्य बदलतं, मेन्यूतला क्रम तोच राहतो. लोकांना वाटतं बिघाड आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून 'सॉर्ट बाय नेम' केलं की खरा क्रम बदलतो.

एक दुखणं ब्राउझरच्या माथी मारू नका. लॉगिन केल्यानंतरचं आतलं पान बुकमार्क केलं तर दुसऱ्या दिवशी ते 'सेशन संपलं' म्हणणारच. आपले सरकार असो की महाडीबीटी, बुकमार्क मुखपृष्ठाचा किंवा लॉगिनच्या पानाचा करा.

सिंकच्या बाबतीत पारडं फिरतं. कम्प्युटर तुमच्या एकट्याचा असेल आणि फोन अँड्रॉइड, तर क्रोमसारखी सोय नाही. फोनवर सेव्ह केलेलं दुकानात दिसतं, कम्प्युटर जळला तरी खात्यात यादी असते. फायरफॉक्सचंही मोझिला खातं आहे, पण त्यासाठी फोनवर फायरफॉक्स घ्यावा लागतो आणि आपल्याकडे फोनवर तो घेणारा विरळा. मात्र सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका जागी पुसलं की सगळीकडून पुसलं जातं.

सेवा केंद्रात याच सोयीची डोकेदुखी होते. गिऱ्हाइकाने कागद काढायला क्रोममध्ये स्वतःचं जीमेल उघडलं, की ब्राउझरच त्या खात्याने साइन इन करून घ्यायचं का असं विचारतो. घाईत कोणी 'हो' दाबतं आणि गिऱ्हाइकाचे बुकमार्क तुमच्या पट्टीत येतात. तुमचेही त्याच्या खात्याकडे जाऊ शकतात. क्रोमच ठेवायचा असेल तर गिऱ्हाइकासाठी गेस्ट खिडकी उघडायची सवय लावा. फायरफॉक्समध्ये जीमेलचं लॉगिन आणि ब्राउझरचं खातं यांचा काही संबंध नाही, तिथे प्रायव्हेट खिडकी पुरते.

जुन्या कम्प्युटरचा विचार वेगळा करावा लागतो, आणि ग्रामीण भागात ते अजून बरेच आहेत. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीतली. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती त्यावर चालते आणि क्रोम थांबल्यानंतरही तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. विंडोज ७ चा डबा बदलण्याचं बजेट नसेल तर निवड इथेच झाली. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर विंडोजसोबत फुकट येतो, पण २०२० पासून तो क्रोमच्याच पायावर उभा आहे. नाव 'फेव्हरिट्स', फाइल तशीच, 'बॅक'चं दुखणंही तेच. त्यावर वेगळा विचार करण्यासारखं काही नाही.

उरला फॉरमॅट. विंडोज अडकली की मेकॅनिक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून घेतो आणि फॉरमॅट मारतो. बुकमार्क दोन्ही ब्राउझरचे 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर. फायरफॉक्सच्या त्या १५ प्रतीही तिथेच. कोणी सांगितलं नाही तर कोणी उचलत नाही. नुसता ब्राउझर काढतानाही, क्रोम अनइन्स्टॉल करताना 'ब्राउझिंग डेटाही डिलीट करा' या चौकटीत टिचकी पडली तर फाइल जाते. फायरफॉक्स काढला तर प्रोफाइलचं फोल्डर सहसा मागे राहतं.

तर माझं मत असं. लाइनचा भरवसा नाही, कम्प्युटरवर दोन-तीन जण बसतात, गिऱ्हाईक स्वतःचं मेल उघडतं, अशा केंद्रात बुकमार्क फायरफॉक्समध्ये ठेवा. एखादी साइट क्रोममध्येच नीट चालते असा अनुभव असेल तर तेवढं काम क्रोममध्ये करा, कम्प्युटरवर दोन्ही असायला कोणी अडवत नाही. घरचा लॅपटॉप आणि हातातला फोन एकाच माणसाचा असेल तर क्रोम, सिंक चालू ठेवून.

आणि दोघांपैकी काहीही घ्या, पेनड्राइव्हवर एचटीएमएल प्रत हवीच. क्रोममध्ये बुकमार्क मॅनेजरच्या उजवीकडच्या तीन टिंबांत 'एक्स्पोर्ट बुकमार्क्स', फायरफॉक्समध्ये 'इम्पोर्ट अँड बॅकअप'मध्ये 'एक्स्पोर्ट बुकमार्क्स टू एचटीएमएल'. ही फाइल नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातल्या पद्धतीची आहे, पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव असतं, म्हणून ती कोणताही ब्राउझर वाचतो. फक्त ती इम्पोर्ट केली की आधीचे बुकमार्क पुसले जात नाहीत, नवे भर पडून जमा होतात. दोनदा इम्पोर्ट केलं तर प्रत्येक साइट दोनदा दिसणार, तेव्हा रिकाम्या ब्राउझरमध्येच आणि एकदाच करा. फाइलच्या नावात तारीख घाला. खरिपाचे अर्ज सुरू होण्याआधी एकदा आणि मेकॅनिकच्या हाती कम्प्युटर देण्याआधी एकदा, एवढं पुरे.