केवायसीला बँकेचं नाव लागत नाही

आईच्या नावावर दोन एकर आहे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात आणि त्याच यादीवरून राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच. तिकडे अडकलं की दोन्हीकडचं थांबतं. आईचं थांबलं होतं. स्टेटस बघितलं तर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, 'नो'.

त्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन बसला. ५० रुपयांत केवायसी. कुठून आला, कुणी पाठवला, कुणी विचारलं नाही. गळ्यात कार्ड लटकत होतं, तेवढं पुरलं. आईला मीच घेऊन गेलो. हे लिहायला जड जातंय, कारण गावातले फॉर्म-बिर्म भरायला लोक माझ्याकडे येतात.

दिवस सोयाबीन सोंगणीचे होते. शेंगांच्या टोकांनी आईची बोटं सोललेली, रेषा झिजलेल्या. तिनं अंगठा लावला. "झालं का बाबू?" "सर्व्हर स्लो आहे मावशी, परत लावा." तिनं पदराला बोट पुसून परत लावलं. मग दुसरं बोट, मग पुन्हा अंगठा. मधेच त्यानं सहज विचारलं, "खातं कोणत्या बँकेत?" मी बँकेचं नाव सांगितलं, वरून शाखाही सांगितली. स्क्रीन त्याच्याकडे वळलेली होती. पावती मागितली तर प्रिंटर आणला नाही म्हणाला.

दोन दिवसांनी स्टेटस 'येस' झालं. काम त्यानं खरंच केलं होतं, म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

महिनाभरानं आई खताची उधारी भागवायला पैसे काढायला गेली तर खात्यात पैसेच नाहीत. पासबुक छापून घेतलं. पारावरच्या त्याच तारखेला दोन नोंदी, १०,००० आणि ६,५००, दोन्हींपुढे एईपीएस, म्हणजे आधार आणि ठशावरून पैसे काढलेले. खात्याला मोबाइल नंबर वडिलांचा होता. ते गेले, सिम बंद पडलं. मेसेज आला असेल तर त्या बंद सिमवर.

आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा दिला की झालं. एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत, म्हणून ठसाही दोनदा जास्तीचा घेतला. केवायसीला मात्र नुसता आधार नंबर आणि ठसा पुरतो. बँक कोणती हे विचारलं तिथंच मी आईचा हात मागे ओढायला हवा होता.

बँकेत ऐकून घेतलं, "पण ठसा तर आजींचाच आहे." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरच्या साइटवर तक्रार टाकली, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. चार महिने झाले, तक्रार 'प्रक्रियेत' आहे. महिनाभर उशीर झाला तो आम्हालाच भोवतोय.

आता आईच्या आधारला माझा नंबर जोडला आणि बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. लॉक असताना खरा अंगठाही चालत नाही, गरज पडली की तेवढ्यापुरतं उघडायचं. केवायसीसुद्धा घरबसल्या फुकट होते, साइटवर ओटीपीनं किंवा पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून. हे मला तेव्हाही माहीत होतं. नंबर जोडायला आधार केंद्रावर जायचा कंटाळा केला, एवढंच.

आमचं उघडं पडल्यावर पारावरच्या आणखी पाच जणांनी पासबुकं छापून आणली. तिघांचे पैसे गेलेले. त्यातल्या एकानं तक्रार केली नाही, पोराला कळलं तर बोलणी बसतील म्हणून. रांगेत चाळीसेक माणसं होती. बाकीच्यांनी अजून पासबुक छापलेलं नाही.