स्मरणशक्तीच्या कॅप्सूल: दिवाळी ते आंब्याचा सीझन

गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), ब्राह्मी, हळदीचा अर्क, ई जीवनसत्त्व. घटक सगळ्यांना पाठ झालेच असतील. मुद्दा वेगळा आहे. 'फरक न पडल्यास पैसे परत' यावरून माझं कंपनीशी भांडण चालू आहे. त्यांना बाटली सीलबंद हवी. न उघडता फरक पडला नाही हे कळायचं कसं, ते कस्टमर केअरवाल्या बाईंना सांगता येत नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अल्झायमर आहे. दिवाळीच्या आधी सुरू केल्या. पण माझा खरा राग बाटलीवर. साठ कॅप्सूल आत नुसत्या खुळखुळतात. पट्टी असती तर रिकामं घर दिसलं असतं. अण्णा ठामपणे 'घेतली' म्हणतात आणि तासाभराने परत झाकण फिरवत बसतात! मग रात्री स्टीलच्या ताटलीत ओतून मोजायच्या. डोनेपेझिल या त्यांच्या अल्झायमरच्या गोळीच्या पट्टीवर मी पेनाने वार लिहून ठेवते. इथे लिहू कुठे?

डिसेंबरात मात्र चार तारे द्यायला निघाले होते. अण्णांनी पावकी अख्खी म्हणून दाखवली, नातवाला नावाने हाक मारली. घरात सगळे कॅप्सूलवर खूश. मग आठवलं, त्याच सुमारास डोनेपेझिल ५ वरून १० मिलिग्रॅम झालं होतं आणि बी-१२ कमी निघालं म्हणून इंजेक्शनंही चालू होती. श्रेय गेलं कॅप्सूलला, कारण महाग तीच. शिवाय पावकीसारखं जुनं पाठांतर या आजारात बराच काळ टिकतंच.

अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या ३,०६९ जणांवर गिंकोची चाचणी झाली, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे ६ वर्षं. २००८ साली निकाल आला: गिंको घ्या नाहीतर औषध नसलेली नकली गोळी, स्मृतिभ्रंश व्हायचा तेवढा झालाच. ई जीवनसत्त्वाचं थोडं बरं. २०१४ च्या चाचणीत ते घेणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णांची रोजची कामं जरा सावकाश बिघडली, स्मरणशक्ती नाही सुधारली. तिथे डोस होता दिवसाला २,००० युनिट, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्या कॅप्सूलमध्ये चवीपुरतं.

अण्णांना स्टेंटमुळे ॲस्पिरिन चालू आहे. दाढ काढताना रक्त लवकर थांबेना, तेव्हा दंतवैद्यांनी आधी विचारलं, "झाडपाल्याचं काही घेता का?" गिंकोमुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत. पण दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि बाटलीवर त्याबद्दल अवाक्षर नाही. तिथून कॅप्सूल बंद.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. गॅलँटामाइन हे अल्झायमरचं औषध स्नोड्रॉपच्या कंदातूनच आधी मिळालं. पण ते तपासून, मोजून येतं. आणि पट्टीत येतं!

बाटलीमागे बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलंय. फोनवर मात्र 'कोर्स पूर्ण करा, मॅडम'. महिन्याला १,४९९ रुपये. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दोन तारे देणार होते, एक बाटलीपायी कापला.