बर्फ पसरणाऱ्या हातांची नोंद : ‘द लास्ट वॉच’

५ मे २०१९ रोजी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक राज्यांतल्या सत्तासंघर्षाच्या मालिकेच्या आठव्या आणि अखेरच्या पर्वाचा चौथा भाग प्रसारित झाला, तेव्हा विंटरफेल या किल्ल्यातल्या मेजवानीच्या टेबलावर राणी डेनेरिससमोर कॉफीचा एक कप राहून गेल्याचे प्रेक्षकांच्या लक्षात आले. एचबीओ या अमेरिकी वाहिनीने तो कप नंतर चित्रातून पुसून टाकला, पण तोवर त्याची चित्रे जगभर फिरली होती आणि पडद्यामागे काम करणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करून झाली होती. त्याच महिन्यात, कथेचा शेवट न पटलेल्या दहा लाखांहून अधिक लोकांनी संपूर्ण पर्व नव्याने करावे या मागणीवर सह्या केल्या. १९ मे रोजी मालिका संपली आणि बरोबर आठवड्याने, २६ मे रोजी, एचबीओने जीनी फिनले यांनी दिग्दर्शित केलेला ‘द लास्ट वॉच’ हा सुमारे दोन तासांचा माहितीपट दाखवला. तो मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. ही मालिका आवडलेल्या आणि शेवटी तिच्यावर रुसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांनी तो पाहावा असे मला मनापासून वाटते. कथेचा शेवट ज्यांना अजून ठाऊक नाही, त्यांनी मात्र आधी मालिका पूर्ण करावी.

अशा चित्रपटांत एरवी नटांच्या आणि निर्मात्यांच्या मुलाखती असतात, सगळे एकमेकांचे कौतुक करतात आणि प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. फिनले यांनी ही वाट टाळली आहे. मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस येथे अगदी थोडा वेळ दिसतात. कॅमेरा बहुतेक वेळ राहतो तो रंगभूषेच्या खोलीत, चहाच्या गाडीपाशी, चिखलात उभ्या असलेल्या जूनियर आर्टिस्टांच्या रांगेत आणि डेल रीड यांच्या सोबत. रीड यांचे पद ‘बर्फप्रमुख’. चित्रण जेथे होत होते त्या उत्तर आयर्लंडमध्ये हवा तेव्हा आणि हवा तेवढा बर्फ पडत नाही, म्हणून विंटरफेलच्या तटांवर, छपरांवर आणि सैनिकांच्या खांद्यांवर दिसणारा बर्फ माणसांनी पसरलेला असतो. ‘हिवाळा येतो आहे’ हे ज्या मालिकेचे पालुपद, तिचा हिवाळा हे गृहस्थ आणि त्यांचे सहकारी रोज हातांनी घडवत होते, हे पाहताना मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

माहितीपटाचा सर्वांत भरीव अंश अखेरच्या पर्वाच्या तिसऱ्या भागातील, विंटरफेलवर चालून आलेल्या मृतांच्या सैन्याशी रात्री झालेल्या युद्धाचा आहे. दिग्दर्शक मिगेल सपोच्निक आणि छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी या युद्धाच्या बाह्य चित्रणासाठी सलग ५५ रात्री काम केले. हा आकडा तेव्हाच्या बातम्यांत मी वाचला होता, पण आकडा वाचणे वेगळे आणि भिजलेल्या कपड्यांत, गारठ्यात, पहाटेच्या सुमारास पुन्हा जागेवर जाऊन उभी राहणारी माणसे पाहणे वेगळे. बॅरी आणि सारा गोवर हे रंगभूषाकार दांपत्य मृतांच्या सैन्याचे चेहरे घडवते. एकेक मुखवटा चिकटवायचा, त्याच्या कडा कातडीत मिसळून टाकायच्या, रंग द्यायचा, आणि हे सगळे सैन्य चित्रणाच्या वेळेआधी उभे करायचे, असा त्यांचा दिवस असतो, किंवा खरे तर रात्र. आपल्या मुलीला वेळ देता येत नाही हे सांगताना सारा गोवर यांचा आवाज दाटतो. फिनले तेथे संगीत घालत नाहीत आणि घाईने पुढेही जात नाहीत.

नटांपैकी सर्वाधिक लक्षात राहतात ते व्लादिमीर फुर्दिक. हे मूळचे स्लोव्हाक स्टंटमन सहाव्या पर्वापासून ‘नाइट किंग’, म्हणजे मृतांच्या सैन्याचा राजा, झाले. एकही संवाद नसलेली भूमिका, त्यातून चेहरा पूर्ण झाकलेला, तरीही चाहत्यांच्या गराड्यात ते ज्या निर्मळ आनंदाने सह्या देतात, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या जोडीला अँड्र्यू मॅकक्ले यांचे नाव घ्यायला हवे. हे विंटरफेलच्या स्टार्क घराण्याच्या गर्दीतले एक सैनिक. नामांकित नटांच्या मागे, तिसऱ्या-चौथ्या रांगेत उभे राहणारे हे गृहस्थ मालिकेवर जेवढ्या निष्ठेने बोलतात, तेवढ्या निष्ठेने बोलताना मी तिच्या नायकांनाही ऐकलेले नाही.

संहितेच्या पहिल्या वाचनाचे दृश्य आपल्याकडच्या नाटकवाल्यांना विशेष जवळचे वाटेल. नायक जॉन स्नो साकारणाऱ्या किट हॅरिंग्टन यांनी अखेरचे भाग आधी वाचलेले नव्हते. आपले पात्र डेनेरिसला ठार मारते हे सगळ्यांदेखत कळते, तेव्हा ते खुर्ची मागे सारून तोंडावर हात घेतात, आणि टेबलाच्या पलीकडून डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्क त्यांच्याकडे पाहत मान हलवतात. एकाने अजून लिहिलेले ऐकायचे आहे, दुसरीने ते केव्हाच पचवले आहे. पूर्ण झालेल्या मालिकेत हा प्रसंग मला इतका भिडला नव्हता.

उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. ज्यांच्या कामाने ही मालिका घडली, त्यांपैकी काही विभागांना येथे फारसा वाव मिळालेला नाही. रामिन जवादी यांचे चेलोप्रधान संगीत हा त्यांपैकी एक. दुसरा, आणि मला अधिक खटकलेला, वेशभूषेचा. मिशेल क्लॅप्टन यांनी तिसऱ्या पर्वात स्टार्क घराण्याच्या सान्साच्या लग्नासाठी केलेला पोशाख आठवावा. त्यावर मिशेल कॅरागर यांच्या भरतकामाची एक पट्टी अंगाभोवती फिरते. तीत आईच्या टली घराण्याचा मासा आहे, वडिलांच्या स्टार्क घराण्याचा लांडगा आहे, आणि पट्टी मानेमागे पोहोचते तेथे सासरच्या लॅनिस्टर घराण्याच्या सिंहाने दोघांवर मात केलेली आहे. पडद्यावर ही सुईची कथा बहुतेकांच्या नजरेस पडलीही नसेल. बर्फाला आणि चिखलाला जेवढा वेळ दिला, त्यातला थोडा अशा कामाला दिला असता तर हा माहितीपट अधिक परिपूर्ण झाला असता.

आणखी एका गोष्टीत मी या चित्रपटाशी सहमत नाही. एवढे कष्ट पाहिल्यावर प्रेक्षकाने तक्रार सोडून द्यावी, असा एक सूर त्याच्या अखेरच्या भागात जाणवतो. २८ एप्रिल २०१९ रोजी ते युद्ध प्रसारित झाले तेव्हा असंख्य घरांत पडद्यावर काळोखाशिवाय काही दिसले नाही, आणि ही तक्रार रास्तच होती. कारागिरांचे श्रम आणि लेखनातली घाई ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्याबद्दल कृतज्ञता वाटते म्हणून दुसरे माफ होत नाही, आणि दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढणे हा तर अन्यायच होय. त्या कॉफीच्या कपाच्या वेळी नेमके तेच झाले.

माहितीपट संपल्यावर मी ते ८२ मिनिटांचे युद्ध पुन्हा लावले, खोलीतले सगळे दिवे घालवून. बराचसा काळोख तेव्हाही तसाच राहिला. पण विंटरफेलच्या तटावर बर्फ उडताना दिसला तेव्हा माझी नजर नायकांवरून सरकून मागच्या रांगांकडे गेली, आणि शिरस्त्राणे घातलेल्या त्या गर्दीत मॅकक्ले कुठे उभे असतील ते मी शोधत राहिलो.