पॉटवाली रडर पेडल्स आणि ट्विस्ट जॉयस्टिक : बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फ्लाइट सिम्युलेटरची, म्हणजे संगणकावर विमान उडवण्यासाठीची पेडल्स नवी असताना सगळीच चांगली चालतात. खरी परीक्षा काही महिन्यांनी सुरू होते. धावपट्टीवर सरळ पळणाऱ्या विमानाचं नाक मध्येच झटका खातं. एअरबस उडवताना हात न लावता ऑटोपायलट सुटतो. पाय पेडलवर नसतानाही पडद्यावर ब्रेक लागल्याची सूचना येते. हा अनुभव अशाच एका संचाचा आहे: सरकत्या पट्ट्यांवरची टो ब्रेकवाली (पायाच्या बोटांनी वरचा भाग दाबला की ब्रेक लागणारी) पेडल्स आणि मूठ फिरवून रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग, हलवता येणारी जॉयस्टिक, दोन्हींत पोटेन्शिओमीटर, म्हणजे पॉट, दांडी फिरवली की रोध बदलणारा सेन्सर. या वर्गातल्या बहुतेक संचांची आतली रचना सारखीच असते, म्हणून ब्रँडपेक्षा रचनेबद्दल लिहिणं जास्त उपयोगाचं.

मत आधीच सांगतो. सांगाडा दणकट आहे, स्प्रिंग अजून ढिली पडलेली नाही, पायाला जाणवणारा जोर नव्यासारखाच आहे. कच्चं आहे ते सेन्सर आणि वायरिंग. ते दोन्ही घरी दुरुस्त होतं, पण बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधी डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजण्याची सेटिंग) वाढवणं किंवा पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करणं, म्हणजे पेडलचा मध्य आणि टोकं नव्याने नोंदवणं, थांबवायला हवं. डेडझोन फक्त मधला भाग झाकतो, सेन्सरच्या आकड्याच्या उड्या तशाच राहतात. कॅलिब्रेशनचं तर नुकसानच होतं. त्या वेळी सेन्सरने एक खोटी उडी मारली, तर विंडोज तिलाच शेवटचं टोक धरतं आणि नंतर पेडल पूर्ण दाबलं तरी रडर ८० टक्क्यांवर अडकतो. तसं झालं असेल तर सेटिंग्ज टॅबवरचं 'रीसेट टू डीफॉल्ट' दाबून जुनी नोंद पुसा.

पहिली तपासणी सिम्युलेटर बंद ठेवून. स्टार्ट मेनूत 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' शोधा, उपकरण निवडा, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, कॅलिब्रेट. विझार्डमध्ये 'डिस्प्ले रॉ डेटा'वर टिक केलं की कॅलिब्रेशन न लागलेला कच्चा आकडा दिसतो. दहा बिटांच्या सर्किटमध्ये तो ० ते १०२३ असतो, बारा बिटांच्यात ० ते ४०९५. पेडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेत न्या आणि आकड्यावरून नजर हलवू नका. नंतर विझार्ड रद्द करा. लिनक्सवर हेच काम ईव्हीटेस्ट (evtest) करतं.

आकड्याच्या वागण्यात बिघाडाचं निदान असतं. एक-दोनची थरथर साधारण आहे, तिच्या मागे लागू नका. दर वेळी त्याच जागी उडी येत असेल तर पॉटमधला कार्बनचा पट्टा तिथे झिजला आहे किंवा तिथे धूळ बसली आहे. रडरच्या पॉटमध्ये हे नेमकं मध्यभागी होतं, कारण पाय सगळ्यात जास्त वेळ तिथेच हलत असतात. आकडा अचानक टोकाला जाऊन परत येत असेल तर पॉटला हात लावू नका, वायर तपासा. पॉटला तीन वायरी असतात. पाच व्होल्टची तुटली तर आकडा शून्याकडे पडतो, ग्राउंडची तुटली तर कमालीवर चिकटतो, आणि मधली, म्हणजे सिग्नलची तुटली तर आकडा भरकटतो, बऱ्याचदा शेजारचा ॲक्सिस (रडर, डावा ब्रेक आणि उजवा ब्रेक हे पेडल्सचे तीन ॲक्सिस) हलवला की सोबत हलतो. हा शेवटचा प्रकार अनेकांना सॉफ्टवेअरचा दोष वाटतो. ब्रेक दाबल्यावर रडर हलताना दिसला की सिग्नलच्या वायरीकडेच पाहा. तिन्ही ॲक्सिस एकाच वेळी नाचत असतील तर बिघाड सामाईक जागी आहे: मुख्य कनेक्टर, ग्राउंड किंवा यूएसबी केबल.

टो ब्रेकच्या वायरी पेडलबरोबर रोज वाकतात, त्यामुळे त्या सगळ्यात आधी जातात. तुटतात त्या सोल्डरच्या अगदी जवळ, आणि वरचं आवरण शाबूत असल्यामुळे दिसत नाही. कच्चा आकडा पडद्यावर ठेवून लाकडी काडीने एकेक वायर हलवा, आकडा उडाला की जागा सापडली. बदलताना बारीक तारांची सिलिकॉन आवरणाची २८ गेजची वायर घ्या. पेडल पूर्ण वाकल्यावरही ताण येणार नाही एवढी ढील ठेवा, आणि सोल्डरपासून दोन-तीन सेंटिमीटरवर केबल टायने बांधा. मूळ संचात हे बांधणंच नसतं. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

पॉटची खात्री मल्टिमीटरने करा. यूएसबी काढा, पॉटचा कनेक्टर सोडवा. दोन टोकांच्या पायांमध्ये रोध स्थिर हवा. १० किलोओहमच्या पॉटला ८ ते १२ काहीही चालतं. मग मधला पाय आणि एक टोक धरून दांडी हळू फिरवा. रोध गुळगुळीत बदलायला हवा. इथे जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा चांगला, क्षणभराचा खंड काट्याच्या झटक्यात लगेच दिसतो.

धूळ असेल तर पॉटसाठीचा, प्लास्टिकला न खाणारा काँटॅक्ट क्लीनर पायांजवळच्या फटीतून थोडासा मारा, दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा, वीस मिनिटं वाळू द्या. गंज सोडवायचा घरगुती स्प्रे वापरू नका, त्याचा तेलकट थर नवीन धूळ धरून ठेवतो. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल आतलं ग्रीस धुऊन टाकतं, मग पॉट कोरडा घासायला लागतो. आणि झिजलेला कार्बन कुठल्याच स्प्रेने परत येत नाही.

झिजलेल्या पॉटवर एक नामी उपाय आहे. पॉट सुमारे २७० ते ३०० अंश फिरू शकतो, पण पेडलमध्ये त्यातले जेमतेम ६० अंश वापरले जातात, बाकीचा पट्टा कोरा राहतो. नट सैल करून पॉटचं अंग ७०-८० अंशांनी वळवा आणि पुन्हा आवळा, म्हणजे सरकता काटा कोऱ्या भागावर येतो. पेडल दोन्ही टोकांना नेऊन पॉट आतल्या अडणीवर आदळत नाही ना, हे पाहा. नाहीतर पहिल्याच जोरात दांडी मोडेल. त्यानंतर कॅलिब्रेट करा. बदलायचाच असेल तर लिनिअर पॉट मागा, अंगावर 'बी' लिहिलेला. 'ए' लिहिलेला आवाजाच्या नॉबसाठी असतो, त्याने अर्धं पेडल मेल्यासारखं वागतं. दांडीची लांबी आणि काप जुना पॉट नेऊनच जुळवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास असे सुटे पॉट मिळतात.

सगळीकडे सारखीच थरथर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बॅटरीवर आकडा शांत झाला तर दोष अर्थिंगचा आहे, आधी सॉकेट तपासून घ्या. त्यानंतरही थोडी थरथर उरली तर सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये, सर्किटच्या बाजूला, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं, तो जोडा. प्रतिसादात फरक जाणवत नाही. पेडल्स मधूनच पूर्ण गायब होऊन परत येत असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेला यूएसबी हब टाळा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना काळवंडतात, पाच-सहा वेळा काढघाल केली की संपर्क सुधारतो.

कच्चा आकडा स्वच्छ असूनही विमान वेडंवाकडं वागत असेल, तेव्हाच सिम्युलेटर उघडा. सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते असं: रडर दोन ठिकाणी जोडलेला, पेडलवरही आणि जॉयस्टिकच्या ट्विस्टवरही. ट्विस्टचा पॉट जरा थरथरला की तो पेडलवर मात करतो. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नवीन उपकरण जोडलं की ॲक्सिस आपोआप लावले जातात, त्यामुळे प्रत्येक विमानात जाऊन ट्विस्टचा रकाना रिकामा करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ब्रेक उलटे लागले असतील तर दोन्ही ब्रेकच्या ॲक्सिसना 'रिव्हर्स' करा. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनच्या (विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या) सेटिंगच्या पट्ट्या शून्यावर आणून मगच पेडलला दोष द्या. आणि सेसना १७२ पूर्ण थ्रॉटलला डावीकडे ओढणारच, तो प्रोपेलरचा परिणाम आहे. म्हणून रडरची तपासणी इंजिन बंद ठेवून, बाहेरच्या कॅमेऱ्यातून करा.

पॉटला कंटाळून चुंबकी सेन्सर लावायचा विचार असेल तर एएस५६०० ही चिप चांगली आहे, त्यात घासणारं काही नाही. ६ मिलिमीटर व्यासाचं, व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं चुंबक दांडीच्या टोकावर बरोबर मध्यभागी बसवा, चिपपासून अंतर ०.५ ते ३ मिलिमीटर. त्याची ॲनालॉग बाजू मूळ ३६० अंशांसाठी असते. पेडल ४० अंश फिरत असेल तर दहा बिटांच्या सर्किटला जेमतेम ११४ पायऱ्या मिळतात आणि रडर खडबडीत लागतो. सुरुवातीचा आणि शेवटचा कोन चिपमध्ये लिहून ठेवला की पूर्ण पल्ला मिळतो, पण ही कायमची नोंद तीनदाच करता येते, त्यामुळे चुंबक पक्कं चिकटवून झाल्यावरच ती करा. मी हा बदल फक्त रडरला सुचवेन. टो ब्रेकचे पॉट त्या मानाने कमी फिरतात, त्यांना चांगल्या वायरी आणि वर्षातून एकदा क्लीनर पुरतो.